प्रचार मोबाइलवर, नाव माहेरी

निवडणूक आली की भोंग्याची रिक्षा गल्लीत यायच्या आधी प्रचार मोबाइलवर पोचलेला असतो. गाणी, फोटो, उमेदवाराचे छोटे छोटे व्हिडिओ. तरुण मुलं सभेला फारशी येत नाहीत, म्हणून सगळेच पक्ष त्यांना मोबाइलवर गाठू बघतात. पण व्हिडिओ पाहिला म्हणजे मत पडलं, असं नसतं.

२००८ साली अमेरिकेत बराक ओबामा अध्यक्षपदासाठी उभे होते. त्यांच्या प्रचाराच्या वेबसाइटची घडी बसवली ख्रिस ह्यूज या २४ वर्षांच्या मुलाने. फेसबुक सुरू करणाऱ्यांपैकी तो एक. तिथे सुमारे २० लाख खाती उघडली गेली. मला मात्र पुढची गोष्ट मोठी वाटते. त्या वेबसाइटवर मुलांना कामं मिळायची. आपल्या भागातल्या मतदारांना फोन करा, घरी बैठक बोलवा, ओळखीच्यांची मतदार नोंदणी करून घ्या. लोकांनी प्रत्यक्ष भेटायचे सुमारे २ लाख कार्यक्रम तिथून ठरले. तिशीच्या आतल्या मतदारांपैकी दर तिघांतल्या दोघांनी ओबामांना मत दिलं, असं मतदानानंतरच्या पाहणीत दिसलं. ते सगळं इंटरनेटमुळेच झालं असं नाही म्हणता येणार, पण मोबाइल-संगणकावरून गाडी दारापर्यंत आली खरी.

आपल्याकडचा मेसेज बहुतेक वेळा एकच काम सांगतो, पुढे पाठवा. व्हॉट्सअॅपवर त्याच्या डोक्यावर दोन बाणांची खूण दिसली, तर तो खूप हातांतून फिरून आलाय, मूळ कुणाचा ते कळत नाही, एवढं ओळखा.

आणि आपल्या लेकीसुनांचं वेगळंच. अठराव्या वर्षी नाव लागलं माहेरच्या यादीत, विसाव्या वर्षी लग्न होऊन ती आली सासरी. फोनवर इथल्या उमेदवाराची गाणी वाजतात आणि मत आहे तिकडे! मतदानाला एवढ्या लांब कोण पाठवतं? तिला नाव इकडे आणायचं असेल, तर नमुना ८ भरायचा. नमुना ६ पुन्हा भरू नका, तो नव्या मतदारासाठी आहे आणि दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्याला चालत नाही. दोन्ही अर्ज निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर भरता येतात. नाहीतर गावातल्या बीएलओंना भेटा किंवा १९५० ला फोन करा.

पूर्वी १ जानेवारीला १८ पूर्ण असावी लागत. २०२२ पासून एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची १ तारीखही धरतात. १७ पूर्ण झालेल्या मुलीलाही आधी अर्ज देऊन ठेवता येतो. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली, की त्या निवडणुकीपुरतं यादीत नवं नाव घेत नाहीत, म्हणून प्रचाराची गाणी वाजायची वाट बघू नका.

पोर्टलवर सुनेचं नाव शोधताना सापडलं नाही, तर माहेरचं आडनाव घालून पाहा.