गुराब व गलबत

आंगरेकालीन कागद वाचतांना ‘गुराबा व गलबतें’ असा जोडउल्लेख वारंवार आढळतो. पुढें ‘गलबत’ म्हणजे कोणतेंही शिडाचें जहाज असा अर्थ रूढ झाल्यामुळें पुष्कळ वाचक हे दोन शब्द पर्यायवाचक मानतात. समुद्रापासून दूर सोलापुरीं बसून आम्हींही विद्यार्थ्यांस अनेक वर्षें तसेंच सांगत आलों, हें येथें कबूल करणें प्राप्त आहे. वस्तुतः हीं दोन भिन्न जातींचीं जहाजें होत, आणि मराठी आरमाराची युद्धरीति या भेदावरच उभी होती.

‘गुराब’ शब्द अरबी असून त्याचा मूळ अर्थ कावळा. अठराव्या शतकांतील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानें गुराबेचें तपशीलवार वर्णन केलें आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारें १५० टनांपर्यंत व तीन डोलकाठ्यांची सुमारें ३०० टनांची असे. लांबीच्या मानानें ती रुंद, तळ उथळ आणि पुढील टोक निमुळतें. त्या टोकावरून समोर मारा करणाऱ्या ९ किंवा १२ पौंडी गोळ्याच्या दोन तोफा असत; बाजूंच्या तोफा त्याहून हलक्या. भोजाच्या नांवावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ ग्रंथांत ‘अग्रमंदिरा’ नौका युद्धास योग्य म्हटली आहे. परंतु तेथील ‘मंदिर’ म्हणजे नौकेवरील कोठडी. केवळ शब्दसाम्यावरून तिचा गुराबेशीं संबंध जोडूं नये.

गलबत याहून लहान, क्वचितच ७० टनांवर जाणारें. त्यास शिडाखेरीज चाळीस-पन्नास वल्हीं असत व बहुधा लहान फिरत्या तोफा. वारा पडला म्हणजे गलबतें वल्हवून गुराबांस ओढून नेत. शत्रूच्या जहाजाच्या पिछाडीस जमून गुराबा प्रथम त्याच्या डोलकाठ्यांवर नेम धरीत. तें पंगू झालें म्हणजे गलबतांतील शिपाई तरवार घेऊन त्यावर चढत. संभाजी आंगरे यांनीं इ. स. १७३५ त ‘डर्बी’ हें कंपनीचें मोठें जहाज पकडलें, तें अशाच जहाजांच्या ताफ्यानें.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत पांच गुराबा व पंधरा गलबतें यांचा एक सुभा करावा, असें सांगितलें आहे. एका गुराबेमागें तीन गलबतें, हें प्रमाण वरील रीतीशीं किती जुळतें, तें उघड आहे. जहाजें फार थोर नसावीं, फार लहानही नसावीं, असाही त्यांचा कटाक्ष आहे.

या रचनेचें बळ चालतें असण्यांत होतें. इ. स. १७५६ च्या फेब्रुवारींत पेशव्यांच्या मैत्रीच्या आधारें वॉटसन व क्लाईव्ह विजयदुर्गावर आले, तेव्हां तुळाजी आंगरे यांचें आरमार किल्ल्याखालीं नांगरून होतें. पूर्वीं इंग्रजांकडून जिंकलेल्या ‘रेस्टोरेशन’ जहाजावर गोळा पडून आग लागली, ती शेजारच्या गुराबांस भिडली, आणि सारें आरमार जागच्या जागीं जळालें. वाऱ्यावर वा वल्ह्यांवर चालण्यासाठीं बांधलेलीं जहाजें उभ्याउभ्या नष्ट झालीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति एवढीच, कीं नकल करतांना ‘५ गुराबा, १५ गलबतें’ याचे ‘२० गलबतें’ करूं नये. बेरीज बरोबर येईल. आरमार मात्र नाहींसें होईल. तसेंच लांकूड, दोर, शीडकापड व सुतारांची मजुरी यांचे हिशेब क्षुल्लक मानून रद्दींत टाकूं नयेत. ज्या गुराबा जळाल्या, त्यांच्या फळ्या आतां कागदांतच शोधावयाच्या आहेत.