अंधारातली निवड

वसईच्या खाडीला ओहोटी लागली की चिखलावर निवट्या दिसू लागतात. विणीच्या दिवसांत त्यांतले नर मध्येच शेपटीच्या जोरावर उसळी मारतात, पाठीवरचा पर पंख्यासारखा उभारतात. हा सगळा खटाटोप मादीने पाहावा म्हणून. पसंत पडला तर ती त्याच्या मागोमाग बिळात शिरते. लहानपणापासून हे पाहत आलो, निवट्याही पुष्कळ खाल्ल्या. पण जिथे पाहायला उजेडच नाही तिथली मादी काय करत असेल, हा प्रश्न मला पन्नाशीच्या जवळ आल्यावर पडला.

पडला तो बस्तरमध्ये. जगदलपूरच्या दक्षिणेला, कांगेर खोऱ्याच्या राष्ट्रीय उद्यानात कुटुमसरची गुहा आहे. भूगोलाचे अभ्यासक शंकर तिवारी यांनी १९५१च्या सुमारास तिचा शोध घेतला. (तिथल्या रातकिड्याच्या शास्त्रीय नावात आज तिवारींचे नाव आहे.) गुहेतल्या डबक्यांत बोटाहून आखूड, मिशाळ मासा राहतो. रंग फिका, डोळे कुणाचे बरे, कुणाचे अगदी बारीक. अभ्यासकांनी तो ज्या जातीत गणला तिचे नाव वाचून मी चकित झालो. इंडोरिओनेक्टिस एव्हेझार्डी! म्हणजे आपला पुण्याचा मासा. लष्करी डॉक्टर फ्रान्सिस डे याने १८७२ मध्ये या जातीचे पहिले वर्णन केले ते पुण्याच्या माशांवरून, आणि नाव दिले कर्नल एव्हेझार्डचे. सह्याद्रीच्या ओढ्यांत दगडाआड राहणाऱ्या माशाचे भाऊबंद बस्तरच्या काळोखात नांदतात. तिथली हलबी बोलीही आपल्या कानाला परकी वाटत नाही, हे जाता जाता.

डेच्या एकच वर्ष आधी, १८७१ मध्ये, डार्विनने मादीच्या पसंतीचा सिद्धांत सविस्तर मांडला होता. मोराचा पिसारा का, तर लांडोरीला तो आवडतो म्हणून. पण त्याची बहुतेक उदाहरणे डोळ्यांना दिसणारी किंवा कानांना ऐकू येणारी. मग काळोखात ही पसंती विझते का? तसे असेल तर गुहेत नर-मादीची गाठ हा निव्वळ योगायोग ठरेल.

याचे सर्वांत चांगले उत्तर मेक्सिकोतून आले. ताबास्को राज्यात तापिहुलापा गावाजवळ ‘कुएवा देल आसुफ्रे’, म्हणजे गंधकाची गुहा आहे. पाण्यात सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी हायड्रोजन सल्फाइड. त्यात पिसिलिया मेक्सिकाना हा, आपल्या काचपेटीतल्या मॉलीचा सख्खा नातलग, राहतो. तो अंडी घालत नाही, पिल्लेच देतो. गुहेतल्या या माशांचे डोळे लहान झाले आहेत, पण त्यांना दिसते. बाहेरच्या ओढ्यातही हाच मासा आहे, त्यामुळे तुलना सोपी.

मार्टिन प्लाथ, याकोब पार्त्सेफाल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ती प्रसिद्ध केली. मादीपुढे एक मोठा नर, एक लहान नर. उजेडात ओढ्यातली मादी मोठ्याकडे जास्त वेळ रेंगाळे, आणि गुहेतलीही. मग दिवे घालवून अवरक्त कॅमेऱ्याने पाहिले. ओढ्यातल्या मादीची पसंती मावळली. तिला दोघे सारखेच. गुहेतली मात्र अंधारातही मोठाच निवडत राहिली.

कशाच्या आधारे? माशाच्या कुशीवरून शेपटीपर्यंत संवेदनांची एक ओळ असते, पार्श्वरेषा. पाणी किंचित हलले तरी ती टिपते. मोठा नर पाणी जास्त ढकलतो. शिवाय वास आणि स्पर्श आहेतच. म्हणजे गुहेने पसंती पुसून टाकली नाही, तिला दुसरी इंद्रिये दिली. पुढे याच गटाला असेही आढळले की गुहेतल्या माद्यांना पोट भरलेले नर आवडतात. उपासमारीच्या जागी हा शहाणपणाचा हिशेब म्हणायचा. आणखी एक गोष्ट मला फार लक्षणीय वाटते: ओढ्यातले नर एकमेकांशी भांडतात, गुहेतल्यांनी ते जवळजवळ सोडून दिले आहे. नरांची मारामारी संपली की मादीच्या मताला वजन येते, असे माझे मत.

कुटुमसरच्या माशावर आपल्याकडे कष्टाचे काम झाले आहे. प्रधान, पती आणि अगरवाल यांनी १९८९ मध्ये, खाण्याची वेळ बदलली की या माशाची प्रकाशाला प्रतिसाद देण्याची दैनंदिन लय कशी बदलते ते दाखवले. जोडीदाराच्या निवडीचा प्रयोगही त्याच्यावर करता येण्यासारखा आहे: पुण्याकडची मादी, कुटुमसरची मादी, दोन नर आणि एक अवरक्त कॅमेरा.

पण घाई हवी. पावसाळ्यात गुहेत पाणी भरते, ती बंद असते. उरलेल्या महिन्यांत पर्यटकांची रीघ. मी गेलो तेव्हा वाटाड्याने विजेरी डबक्यावर धरली आणि आम्ही दहाबारा जण वाकून बघत राहिलो. उजेडाची चिंता सगळेच करतात. मेक्सिकोतला प्रयोग वाचल्यावर मला आठवते ते वेगळेच: आमच्यातल्या एकाने गंमत म्हणून पाण्यात हात घालून ते ढवळले होते.