पन्नासाव्या मजल्यावरचे हृदय

सिंगापूर हा जेमतेम ७३० चौरस किलोमीटरचा देश. समुद्रात भराव घालूनही जागा पुरेना, म्हणून तो उभा वाढला. विमानांच्या वाटेसाठी उंचीवर बंधन असल्याने वन रॅफल्स प्लेस, यूओबी प्लाझा आणि रिपब्लिक प्लाझा हे तिन्ही मनोरे २८० मीटरच्या आसपास थांबले. २०१६ मध्ये ग्वोको टॉवरने तो आकडा ओलांडला. पर्यटक फोटो काढतात ते मात्र ५७ मजल्यांच्या तीन मनोऱ्यांवर नाव ठेवल्यासारख्या दिसणाऱ्या मरिना बे सँड्सचे.

वैद्यकाच्या नजरेने पाहिले, तर यांपेक्षा महत्त्वाची इमारत म्हणजे २००९ मध्ये पूर्ण झालेली 'पिनॅकल अ‍ॅट डक्स्टन'. पन्नास-पन्नास मजल्यांचे सात मनोरे, १८४८ घरे, आणि तीही सरकारी गृहनिर्माण मंडळाची. तिथे सामान्य कुटुंबे राहतात, म्हातारी होतात आणि आजारीही पडतात.

हृदय अचानक बंद पडले की छातीवर दाब किंवा विजेचा झटका मिळेपर्यंत दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. रुग्णवाहिका दारात लवकर पोहोचली, तरी फाटक, लिफ्टची वाट, लांबलचक व्हरांडा यांत मोलाची मिनिटे जातात. टोरांटो परिसरातल्या अशा घटनांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसऱ्या मजल्याच्या खाली राहणारे ४.२ टक्के रुग्ण वाचले, तिसऱ्या मजल्यावर आणि त्याहून वरचे २.६ टक्के. सोळाव्याच्या वर हे प्रमाण एक टक्क्याहून कमी, आणि पंचविसाव्याच्या वर कोणीच वाचले नाही. (तिकडे तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, हे लक्षात घ्यावे.)

सिंगापुरात जुन्या सरकारी इमारतींच्या लिफ्ट काही ठरावीक मजल्यांवरच थांबत. गुडघे दुखणाऱ्या आजीबाईंना उरलेले जिने चढावेच लागत. २००१ पासून त्या बदलायला घेतल्या. पुढे लिफ्टजवळच्या मोकळ्या जागेत, साधारण दोन इमारतींमागे एक, असे विजेचा झटका देणारे 'एईडी' यंत्र बसवण्यात आले. ९९५ वर हृदय बंद पडल्याचा फोन आला की जवळपासच्या स्वयंसेवकांच्या मोबाइलवर सूचना जाते. रुग्णवाहिका वर येईपर्यंत शेजारी पोहोचलेला असतो. उंच घरांवरचा खरा इलाज हाच.

तीस-चाळीस मजले मुंबई-ठाण्याला आता नवे नाहीत. माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट चालत नाही, असे दिसले तर एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने लगेच छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा. दमल्यास माणूस बदलावा, दाब थांबवू नये. तिसऱ्याने खाली जाऊन फाटक उघडून ठेवावे आणि लिफ्ट अडवून धरावी. स्ट्रेचर त्या लिफ्टमध्ये आडवे मावते का, हे सोसायटीने आजच मोजून पाहावे.