ताप जातो आणि परत येतो!

संध्याकाळी हुडहुडी, रात्री चादर पिळून काढावी इतका घाम आणि सकाळी गडी ठणठणीत. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, टायफॉइडही नाही. १०१ अंशांच्या वरचा ताप तीन आठवडे येतोय, दवाखान्यात आठवडाभर तपासण्या झाल्या, तरी कारण सापडेना, तर तो ‘निदान न झालेला ताप’. ही व्याख्या पीटर्सडॉर्फ आणि बीसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९६१ मध्ये केली. अशा तापामागे कधी कधी ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून येणारा आजार लपलेला असतो, आणि तो पकडायला एक फुकटचा प्रश्न पुष्कळदा पुरतो : घरी गुरं-शेळ्या आहेत का हो? दूध कच्चं पिता का?

साहेबांचा ताप
माल्टा बेटावर ब्रिटिश फौज ब्रुसेलोसिसच्या तापानं बेजार होती. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरनं मेलेल्या सैनिकाच्या प्लीहेतून जंतू शोधला, पण तो येतो कुठून हे पुढची १८ वर्षं कळलं नाही. गंमत म्हणजे साध्या शिपायांपेक्षा अधिकारी जास्त आजारी पडायचे. त्यांना दूध परवडायचं ना! शेळ्या दारोदार हिंडायच्या आणि गिऱ्हाइकासमोरच धार काढली जायची. याहून ताजं दूध कुठलं? १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झमिट या स्थानिक डॉक्टरनं प्रयोगासाठी सहा धडधाकट शेळ्यांचं रक्त तपासलं, तर पाच आधीच बाधित निघाल्या. पुढच्या वर्षी फौजेत शेळीचं दूध बंद झालं आणि ताप झपाट्यानं ओसरला. बेटावरचे सामान्य लोक मात्र ते पीत राहिले, तापत राहिले.

 

ॲलिसबाईंचं कोण ऐकतो?
गायीच्या गर्भपाताचा जंतू आणि माल्टाचा जंतू जवळचे भाऊबंद आहेत, तेव्हा दूध पाश्चराइझ करा, असं अमेरिकेतल्या जीवाणुशास्त्रज्ञ ॲलिस इव्हान्स १९१८ पासून सांगत होत्या. एक तर बाई, त्यात डॉक्टरेट नाही. बड्या शास्त्रज्ञांनी नाकं मुरडली. १९२२ मध्ये प्रयोगशाळेत त्यांनाच हा आजार जडला, तर डॉक्टर म्हणाले, मनाचे खेळ आहेत. ताप पुढे कित्येक वर्षं उलटत राहिला.

गोठ्यातली गोष्ट
गाय पाचव्या महिन्यानंतर गाभडली, वार अडकली, की शेतकरी बाह्या सरसावून हात घालतो. हातमोजे कोण शोधत बसतो? या वारेत एरिथ्रिटॉल नावाची साखर असते आणि जंतूला ती भारी प्रिय. तिथे तो कोट्यवधींनी वाढतो. धारोष्ण दुधाचं कौतुक आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलंय. ते जपून. खरवसाची चिंता नको, तो चांगला उकडलेला असतो.

लस आहे, पण गुरांसाठी. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना ती आयुष्यात एकदाच टोचतात. लसीतला जंतू जिवंत असतो, त्यामुळे सुई चुकून स्वतःच्या बोटात गेली तर गुरांच्या डॉक्टरलाच ताप!

माणसाला गोळ्या लागतात, त्याही दोन औषधांच्या, निदान सहा आठवडे. आठवड्यात बरं वाटलं म्हणून अर्ध्यात सोडल्या की स्वारी परत हजर.

ना गाय, ना गोठा
चीनमधल्या लानचौ शहरात मात्र गुरांचा आणि कच्च्या दुधाचा तो प्रश्न विचारून उपयोग नव्हता. २०१९ च्या उन्हाळ्यात तिथल्या गुरांच्या लसीच्या कारखान्यानं मुदत संपलेलं जंतुनाशक वापरलं. बाहेर सोडलेल्या हवेत जंतू जिवंत राहिले आणि वाऱ्यानं वस्तीत पोचले. दहा हजारांहून जास्त लोकांच्या रक्तात संसर्गाची खूण सापडली. बिचाऱ्यांनी फक्त श्वास घेतला होता.