कापसाचा भाव ठरतो तरी कुठे?

पनवेल तालुक्यात कापूस पिकत नाही. इथली जमीन भाताची. तरीही कापसाच्या व्यापाराशी पनवेलचा संबंध जुना आहे. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हापासून रेल्वे येईपर्यंत घाटावरचा माल, आणि त्यात कापूसही, पनवेल बंदरात उतरे व होड्यांनी मुंबईला जाई. आज शेजारी न्हावा-शेवा बंदर आहे (१९८९), बेलापूरला भारतीय कापूस महामंडळाचे ‘कपास भवन’ आहे आणि पाताळगंगेला १९८२ पासून पॉलिएस्टरचा कारखाना आहे. आयात-निर्यात, सरकारी खरेदी आणि कृत्रिम धागा, या तीन गोष्टींवरच कापसाचा बाजार हलतो. विदर्भातला शेतकरी आणि भिवंडी-मालेगावचा यंत्रमागवाला या दोघांचे पोट त्यावर अवलंबून असल्याने हा हिशेब समजून घेणे अगत्याचे आहे.

जगाचे पीक

जगात वर्षाला सुमारे अडीच कोटी टन रुई तयार होते. चीन, भारत, ब्राझील, अमेरिका व पाकिस्तान हे प्रमुख उत्पादक देश. कापसाखालील सर्वात जास्त जमीन आपल्या देशात आहे. पण हेक्टरी उतारा साडेचारशे किलो रुईच्या आसपास आहे. चीन व ब्राझील आपल्या चौपट पीक काढतात. चीनमध्ये शिनजियांगचे ओलिताचे पीक आहे, ब्राझीलमध्ये मोठी शेते आणि यंत्राची वेचणी आहे. आपल्याकडे, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, बहुतेक कापूस कोरडवाहू. २००२ साली बीटी बियाण्याला परवानगी मिळाली व उत्पादन वाढले, परंतु गुलाबी बोंडअळीने पुढे त्यालाही दाद दिली नाही. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्राने ते सोसले. दरम्यान ब्राझील इतका पुढे गेला की २०२३-२४ मध्ये निर्यातीत त्याने अमेरिकेलाही मागे टाकले.

सेंटपासून खंडीपर्यंत

जगाचा भाव न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात एका पौंडाला इतके सेंट असा बोलला जातो. आपल्याकडे रुईचा भाव खंडीवर चालतो. एक खंडी म्हणजे ३५५.६ किलो, अर्थात ७८४ पौंड. आपली गाठ १७० किलोची, म्हणजे खंडीत दोन गाठींहून थोडा जास्त माल.

उदाहरणादाखल न्यूयॉर्कचा भाव ७० सेंट आणि डॉलर ८५ रुपये धरू. ७८४ पौंडांचे ५४९ डॉलर होतात, रुपयांत सुमारे ४६,६५०. त्यावर जहाजभाडे व विमा. २०२१ च्या अर्थसंकल्पात रुईवर बसवलेले आयात शुल्क, एकंदर ११ टक्के, लागू असेल तर आणखी सुमारे ५,१०० रुपये. म्हणजे परदेशी रुई बंदरात ५२,००० च्या पुढे पडते. तिच्याहून फार महाग देशी रुई गिरणीवाला कशाला घेईल? बाजारातला भाव तिथेच अडतो.

आता शेतकऱ्याकडे येऊ. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई व ६४ किलो सरकी निघते, बाकी घट. खंडी ५२,००० असेल तर रुईचे सुमारे ४,९७० रुपये. सरकी किलोला ३३ रुपये धरली तर तिचे २,१००. जिनिंग-प्रेसिंगचा खर्च व व्यापाऱ्याचा नफा वजा केला की हाती सात हजारांच्या आतच रक्कम उरते. सरकीला वाटा आहे म्हणून सरकी तेल व ढेपेचा बाजारही कापसाच्या भावावर परिणाम करतो.

एकाचा फायदा, दुसऱ्याचा तोटा

केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून हे शुल्क माफ केले व पुढे सवलत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. वरच्या हिशेबाने रुईच्या किलोमागे १४ रुपये कमी झाले. सूतगिरणीला हायसे वाटले, मागवाल्यालाही स्वस्त सुताची आशा वाटली. पण तेच १४ रुपये ३४ किलोंनी गुणले की शेतकऱ्याच्या क्विंटलमागे जवळपास ४९० रुपये जातात, तेही नवा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर.

इथे कपास भवनाचे काम सुरू होते. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० व लांब धाग्याचा ८,११० रुपये ठरला होता. बाजार याखाली गेला की महामंडळ खरेदीला उतरते. मात्र कापसातला ओलावा ८ टक्क्यांहून जास्त असल्यास भाव कापला जातो व १२ टक्क्यांपलीकडे माल घेतलाच जात नाही. घाईने आणलेली ओली पहिली वेचणी म्हणूनच व्यापाऱ्याच्या हाती पडेल त्या भावाने जाते.

पॉलिएस्टरची स्पर्धा

मे २०२२ मध्ये खंडीने एक लाख रुपये ओलांडले तेव्हा शेतकऱ्याला वाटले, दिवस पालटले. पण बहुतेकांचा माल आधीच विकला गेला होता, आणि गिरण्यांनी सुतात पॉलिएस्टरचे मिश्रण वाढवले. मार्च २०११ मध्येही न्यूयॉर्कला पौंडाचा भाव दोन डॉलरपुढे जाऊन पुढे कोसळला होता. गिऱ्हाईक एकदा कृत्रिम धाग्याकडे गेले की सगळेच परतत नाही. जगातल्या धाग्यात आज कापसाचा वाटा चौथ्या हिश्श्याहून कमी आहे, पॉलिएस्टरचा निम्म्याहून अधिक. पॉलिएस्टर खनिज तेलापासून होते, म्हणून तेल स्वस्त झाले की कापसाच्या भावालाही लगाम बसतो.

आमची सूचना एवढीच. मागवाल्याने सुताचा मोठा सौदा करण्यापूर्वी डॉलरचा दर, शुल्काची मुदत आणि महामंडळाच्या गाठींचा विक्रीदर या तीन गोष्टी पाहाव्यात. शेतकऱ्याने कापूस वाळवून, पहिली वेचणी वेगळी ठेवून न्यावी आणि खंडी व सरकीचा त्या दिवसाचा भाव विचारून वरचा हिशेब स्वतः मांडावा. हिशेब येणाऱ्याला व्यापारी सहसा फार कमी भाव सांगत नाही.