पंखा फिरतो, तरी जीप का तापते?

हळदीची पोती घेऊन वसमतहून हिंगोलीकडे निघालेली जुनी जीप उन्हात तापली, की आपण पट्ट्यावरचा पंखा काढून विजेचा बसवतो. तरी पाणी उकळतंच!

कारण साधे आहे. पंखा गोल, रेडिएटर चौकोनी. नुसता टांगलेला पंखा समोरच्या गोलापुरतीच हवा ओढतो, कोपरे कोरडे राहतात. दोहोंमध्ये डब्यासारखे आवरण हवे. तयार मिळाले नाही तर फायबरचे घरीही होते. मात्र पंखा जाळीला चिकटवू नये, दोनेक इंच पोकळी सोडावी. पाते घासणार नाही एवढीच फट ठेवावी.

साचा थर्माकोलचा नको, रेझिन त्याला खाऊन टाकते. लाकूड किंवा पुठ्ठा घेऊन चिकटपट्टी व मेण लावावे, वर मॅटचे तीन थर द्यावेत. साधे रेझिन उष्णतेने नरम पडते, म्हणून दुकानात उष्णता सोसणारेच मागावे. आणि हे विसरू नका: हार्डनर व कोबाल्ट कधीही एकमेकांत थेट ओतू नयेत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट मिसळावे, हार्डनर शेवटी. हातमोजे, चष्मा हवाच.

भुशाने बुजलेली जाळी आधी धुवावी. मग इंजिन बंद ठेवून फक्त पंखा चालू करावा आणि रेडिएटरच्या पुढच्या बाजूने कोपऱ्यावर कागद धरावा. कागद चिकटून राहिला, तर काम जमले.