बिजागरी आधी, इंजिन नंतर

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, रेनो शहराबाहेरच्या वाळवंटात १९६४ पासून २०२३ पर्यंत, एखाददुसरे वर्ष सोडले तर, दर सप्टेंबरात विमानांच्या शर्यती भरत. उंच खांब रोवलेले असत आणि त्यांना डाव्या हाताला ठेवून दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली मस्टँग, बेअरकॅट, सी फ्युरी अशी लढाऊ विमाने जमिनीलगत फेऱ्या मारत. या शर्यतींचे वेड लागलेल्यांपैकी प्रत्येकाला खरे मस्टँग परवडणे शक्य नव्हते. त्यातल्या काहींनी त्याच विमानांच्या मोठ्या प्रतिकृती बांधायला घेतल्या. पंखांचा पसारा अडीच मीटर, वजन पंधरा-वीस किलो, चालवणारा जमिनीवर उभा आणि हातात रेडिओ ट्रान्समीटर. पुढे अशा विमानांच्या शर्यतींसाठी तिकडे स्वतंत्र संघटना, वर्गवारी आणि नियम तयार झाले.

हे विमान पाहणारा पहिला प्रश्न विचारतो तो इंजिनाचा. किती सीसी? किती अश्वशक्ती? प्रश्न चुकीचा नाही, पण उत्तर चटकन संपते. दीडशे सीसीचे, दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन साडेतीन-चार किलो वजनात पंधरा-सोळा अश्वशक्ती देते आणि ते पेटीबंद विकत मिळते. विकत मिळत नाही ते बाकीचे विमान. शर्यत ठरते ती तिथे.

कारण साधे आहे. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाने. वेग दुप्पट हवा तर शक्ती आठपट लागते. म्हणजे इंजिन मोठे करत जाऊन वेग मिळवण्याचा रस्ता फार लवकर बंद होतो. उरतो तो दुसरा रस्ता: विरोध कमी करायचा. रेनोतल्या फॉर्म्युला वन वर्गात सगळ्यांना एकाच जातीचे, शंभर अश्वशक्तीचे इंजिन वापरावे लागे. त्या वर्गात जॉन शार्प यांचे 'नेमेसिस' हे विमान १९९१ पासून १९९९ पर्यंत सलग नऊ वर्षे अजिंक्य ठरले. इंजिन सर्वांचे सारखेच होते. जिंकला तो विमानाचा आकार आणि त्याच्या अंगाचा गुळगुळीतपणा. ते विमान आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मोठ्या प्रतिकृती बांधणाऱ्याने त्याचा फोटो कार्यशाळेच्या भिंतीवर लावावा असे मला वाटते.

बांधणीची सुरुवात विमानापासून होत नाही, साच्यापासून होते. आधी धडाचा लाकडी किंवा फोमचा नमुना घडवायचा, त्यावर पुटी आणि प्रायमरचे थर द्यायचे, पाणकागदाने घासायचे, पुन्हा थर, पुन्हा घासणे. नमुन्यावर राहिलेला प्रत्येक ओरखडा पुढे प्रत्येक विमानावर उमटतो. मग मेणाचे लेप देऊन दोन अर्ध्या भागांचा साचा काढायचा. मूर्तिशाळेत साच्याच्या आतल्या अंगावर जितका जीव लावतात, तितकाच इथेही लावावा लागतो. साच्यात इपॉक्सी राळेने भिजवलेले काचतंतूंचे आणि कार्बनचे कापड बसवतात, वरून प्लॅस्टिकची पिशवी लावून आतली हवा पंपाने ओढून घेतात. बाहेरच्या हवेचा दाब कापडाला साच्यावर घट्ट दाबून धरतो आणि जादा राळ शोषक कापडात निघून जाते. राळ जास्त राहिली तर वजन वाढते, बळ वाढत नाही.

कार्बनचा मोह सगळ्यांनाच होतो. ते हलके आणि ताठ असते. पण कार्बन वीजवाहक आहे आणि रेडिओलहरी अडवतो. आजचे ट्रान्समीटर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. संपूर्ण धड कार्बनचे केले आणि रिसीव्हरच्या अँटेना आत ठेवल्या, तर विमान बहिरे होते. म्हणून जाणकार रिसीव्हरभोवतीचा भाग काचतंतूंचा ठेवतात किंवा अँटेना बाहेर काढतात. रिसीव्हरला दोन स्वतंत्र बॅटऱ्या देतात. संदेश तुटलाच तर थ्रॉटल आपोआप बंद होईल अशी व्यवस्था आधीच करून ठेवतात.

पंखाचे गणित मला सगळ्यात आवडते, कारण ते शाळेतल्या सूत्राने सुटते. समजा विमानाचा वेग ताशी ३२० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ८९ मीटर आहे. या वेगाने शंभर मीटर त्रिज्येचे वळण घेतले, तर विमानावर गुरुत्वाच्या आठपट भार येतो. अठरा किलोच्या विमानाचे पंख त्या क्षणी सुमारे १४५ किलो उचलत असतात. वळण साठ मीटरवर आणले तर हाच आकडा २४० किलोच्या घरात जातो. म्हणून पंखाच्या पोटात कार्बनची तुळई असते, आणि पंख धडाला जिथे मिळतो तिथे सगळ्यात जास्त काम केलेले असते. हे सगळे पातळ पंखात बसवायचे, कारण जाड पंख वेग खातो.

प्रोपेलरचेही असेच. चोवीस इंच पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात कागदावर चोवीस इंच पुढे सरकणारा, प्रोपेलर मिनिटाला नऊ हजार फेरे घेत असेल तर तो कागदावर सेकंदाला ९१ मीटर पुढे सरकतो, म्हणजे ताशी जवळजवळ ३३० किलोमीटर. पण त्याचा व्यास बावीस इंच असेल तर तेव्हा त्याची टोके ध्वनीच्या वेगाच्या चार पंचमांशापर्यंत पोचलेली असतात. त्यापुढे शक्ती वेगात जाण्याऐवजी आवाजात जाऊ लागते.

या सगळ्यापेक्षा धोकादायक गोष्ट मात्र दिसत नाही. एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर हे बिजागरीवर हलणारे भाग ठरावीक वेगापुढे हवेच्या झोतात आपोआप थरथरू लागतात. याला फ्लटर म्हणतात. हवा त्या थरथरीला प्रत्येक हेलकाव्यात आणखी ऊर्जा देते, आणि क्षणार्धात बिजागऱ्या उखडतात, हे भाग हलवणाऱ्या सर्व्हो मोटारींचे दाते तुटतात किंवा अख्खी शेपटी सुटते. जमिनीवरून तो गुरगुरल्यासारखा ऐकू येतो. ऐकला की थ्रॉटल कमी करून विमानाचे नाक वर घेणे एवढेच हातात असते.

तो टाळायचा तर तो कार्यशाळेतच टाळावा लागतो. हलणारा भाग ताठ हवा. त्याचा तोल बिजागरीच्या रेषेवर आणण्यासाठी पुढच्या बाजूला वजन बसवतात. सर्व्हो त्या भागाच्या अगदी जवळ ठेवतात, म्हणजे जोडदांडा आखूड आणि जाड राहतो. सर्व्होच्या हातावर आतले भोक आणि हलणाऱ्या भागाच्या शिंगावर (जोडदांडा जिथे अडकतो त्या खुंटीवर) बाहेरचे भोक वापरतात. त्यामुळे सर्व्होची ताकद पुरेपूर उतरते आणि सांध्यातला ढिलेपणा कमी जाणवतो. बिजागरीची फट पट्टीने बुजवतात. ही कामे वरून पाहताना दिसतही नाहीत. तिथे घाई करणाऱ्याचे इंजिन कितीही मोठे असो, त्याचे विमान शर्यत पूर्ण करील याची खात्री नाही.

याची सगळ्यात भीषण साक्ष रेनोचीच आहे. १६ सप्टेंबर २०११ रोजी 'गॅलपिंग घोस्ट' नावाचे बदल केलेले मस्टँग ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास वेगात असताना एकदम वर झेपावले आणि प्रेक्षकांजवळ कोसळले. वैमानिक जिमी लीवर्ड यांच्यासह अकरा जण मेले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाला तपासात आढळले की एलिव्हेटरवरच्या ट्रिम टॅब या छोट्या हलत्या पट्टीचे स्क्रू सैल झाले होते. त्यांचे लॉकनट्स जुने होऊन त्यांची पकड गेली होती. टॅब थरथरला, त्याचा सांधा तुटला आणि वैमानिकावर गुरुत्वाच्या सतरापट भार आला. सेकंदभरात त्याचे भान गेले. १९९८ मध्ये याच मैदानावर दुसऱ्या एका मस्टँगचा तोच भाग उडाला होता. तेव्हा वैमानिक बेशुद्ध झाला, विमान वर चढत गेले आणि शुद्धीवर आल्यावर त्याने ते सुखरूप उतरवले. दोन्ही वेळी दगा दिला तो एका छोट्या पट्टीने, इंजिनाचा त्यात दोष नव्हता.

प्रतिकृतीच्या शर्यतीत आत माणूस नसतो, पण अठरा किलोचे विमान सेकंदाला ८९ मीटरने आले तर समोरच्याला त्याने फरक पडत नाही. माणसाला प्रतिक्रिया द्यायला पाव सेकंद लागतो असे धरले, तरी तेवढ्यात विमान बावीस मीटर पुढे गेलेले असते. म्हणून चालकाजवळ एक सोबती उभा असतो आणि खांब आला की वळायला सांगतो. चालकाची नजर विमानावरून ढळत नाही.

आपल्याकडे एनसीसीच्या एअर विंगमध्ये मुलामुलींना बाल्सा लाकडाची विमाने बांधायला आणि उडवायला शिकवतात. २०२१ च्या ड्रोन नियमांत पंचवीस किलोपर्यंतच्या आणि नजरेच्या टप्प्यात उडणाऱ्या प्रतिकृतींसाठी वेगळी व्याख्या आहे. उडवण्याआधी त्या जागेचा हवाई क्षेत्राचा नकाशा बघणे बंधनकारकच समजावे. कुणाला या वाटेने जायचे असेल तर त्याला माझे सांगणे आहे: आधी लहान ट्रेनर विमानावर अनुभवी माणसाजवळ उभे राहून हात बसवा, मग एक धड साच्यातून स्वतः काढा, प्रत्येक बिजागरी बोटांनी हलवून तपासायची सवय लावा. आणि मोठे इंजिन सर्वांत शेवटी विकत घ्या.